मागून हाक

आमच्या आईचा एक नियम आहे. घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, काहीही होवो. माझे वडील एकदा चष्मा विसरून निघाले, तेव्हाही तिने त्यांना हाक मारली नाही. मला मागच्या बोळातून पळवलं आणि पुढच्या चौकात त्यांच्यासमोर उभं राहून चष्मा दे म्हणाली. समोरून सांगितलं तर चालतं, मागून टोकलं की काम बिघडतं. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत हे सगळेच पाळतात आणि मीही पाळत आलो. त्यावर विचार करायची पाळी आली ती एका एप्रिलमध्ये, माझी बायको सायकल घेऊन परदेशात निघाली तेव्हा.

हिमानी सौंसरच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. मी संत्र्यांचा व्यापारी आहे. उभ्या बागा विकत घ्यायच्या, फळ तोडायचं, पेट्या भरून ट्रक रवाना करायचे, हा माझा धंदा. सायकल तिने घेतली ती गुडघ्यांसाठी. सुरुवातीला रविवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन येत होती. तोवर मला तिचा अभिमान होता आणि मी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतो. मग ती पचमढीला गेली. मग चार जणींबरोबर नेपाळला जाऊन आली. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाली की तिला कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान करत समरकंदला जायचं आहे, एकटीनं, आणि बिनपगारी रजा मंजूरही झाली आहे. मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे.

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येत नाही, कारण ती भांडलीच नाही. परक्या देशात लुटल्या गेलेल्या, ट्रकखाली आलेल्या माणसांच्या बातम्या मी शोधून काढायचो आणि मोठ्याने वाचायचो. ती समोर बसून पेपर तपासायची. "त्यानं रात्रीची सायकल चालवली होती," एवढंच एखाद्या वेळी म्हणायची. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बायकोसमोर भीती वाटते म्हणणं जमत नाही, म्हणून मी रागावत होतो.

आता हँगरबद्दल सांगायला हवं. सायकलचा मागचा गिअर ज्या छोट्या तुकड्यावर लटकलेला असतो त्याला हँगर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचा, अंगठ्याएवढा. सायकल पडली तर अख्खा सांगाडा वाकू नये म्हणून आधी त्यानेच मोडावं, अशा बेताने तो मुद्दाम मऊ बनवतात. प्रत्येक जातीच्या सायकलचा वेगळा असतो, एकीचा दुसरीला लागत नाही. हिमानीने मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "आपल्या घरात हे आधी मोडायचं काम कोणाकडे आहे ते माहीत आहे मले." ती हसली. एक जास्तीचा हँगर तिने मागवला होता आणि ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची छोटी थैली शिवून त्यात ठेवला होता. सगळ्या सामानात जपायची वस्तू म्हणजे ही, असं तिने घरात दोनदा सांगितलं.

ते आईने फार मनावर घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर दही-साखर, कुंकू, नारळ अशी गडबड चालली असताना तिने हँडलवरच्या पिशवीतून ती थैली काढली, त्यात जामसांवलीच्या मारुतीच्या शेंदराची पुडी घातली, आणि नाडी बांधून दह्याच्या वाटीशेजारी ठेवली. तेवढ्यात शेजारच्या प्रेमलता काकू आल्या, त्यांनी हिमानीची ओटी भरली. आई त्यात गुंतली. थैली तिथेच राहिली.

हिमानी सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याकडे पाहून "येते" म्हणाली आणि निघाली. स्टेशनपर्यंत सायकलने जायचं, पुढे दिल्लीची गाडी, सायकल सामानाच्या डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. पाच-सहा घरं ओलांडून ती गेली असेल आणि ओट्यावरची थैली सगळ्यांना एकदमच दिसली. माझा धंद्यातला भागीदार हेमराज याने तोंड उघडलं आणि मिटलं. प्रेमलता काकूंनी पदर तोंडाला लावला. मी थैली उचलून पायरी उतरलो तर आईने माझी बाही धरली.

"मागून टोकू नको, गजू," ती म्हणाली. "समोरून जा."

सगळी गल्ली मूग गिळून उभी, आणि ती आपली घंटी वाजवत चालली होती. एक हाक मारली असती तर वळली असती, इतकी जवळ होती.

मी मोटरसायकल काढली आणि मागच्या बोळाने निघालो. बाजाराच्या तोंडाशी एक नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला. घोडी, टेम्पोवर डीजे, पुढे नाचणारे पाहुणे. मी हॉर्न वाजवला तर त्यांना वाटलं मीही वरातीतलाच, एकाने माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. तो काढून मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जात होता. मी हातात थैली घेऊन उभा राहिलो. आता मी गाडीच्याही मागेच होतो.

फोनही लगेच करायचा नाही, असं आईने बजावलं. "इटारसी वलांडू दे, मंग कर."

इटारसीनंतर मी फोन केला. "थैली ओट्यावर राहिली तुझी. आईनं शेंदूर टाकला त्यात, अन् ठेवली बाजूले."

"मंग हाक काहून नाही मारली?"

 तिकडून हसण्याचा आवाज आला. "आई होत्या बाजूले," ती म्हणाली.

"हाव."

"जाऊ द्या. तो काही रोज मोडत नाही."

थैली दिल्लीला पोचवायला वेळ नव्हता आणि पुढे तिचा एक पत्ता नव्हता. आईने ती देवघराशेजारच्या खुंटीला लावली. रोज सकाळी देवांबरोबर तिलाही एक फूल मिळू लागलं.

पुढे तिचे फोन येत गेले, रेंज मिळेल तसे. नागपूरला शिकणारी आमची मुलगी मानसी नकाशावर आईचा ठिपका बघायची आणि मला कळवायची. कझाकस्तानात वारा एवढा की उतारावरही पायडल मारावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. एक ट्रकवाला गाडी थांबवून न बोलता टरबूज हातात देऊन गेला. पाऊस लागला म्हणून एका घोडेवाल्याच्या तंबूत शिरली तर तिथल्या बाईने तिचे ओले मोजे स्वतःच्या हाताने शेगडीवर वाळवले आणि सकाळी निघताना आईसारखा कपाळाचा मुका घेतला. हिमानी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज असा असायचा की मी मध्ये बोलत नसे. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, हा आवाज मी घरात फारसा ऐकला नव्हता. त्याचं मला वाईटही वाटायचं.

दुसऱ्या बाजूचंही होतं. एक गाडीवाला तिच्या मागे लागला, पुढे जाऊन थांबायचा, ती आली की पुन्हा मागे. शेवटी ती रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या तंबूत शिरली. त्यांनी तिला चहा पाजला आणि बाहेर जाऊन त्या माणसाला हुसकून दिलं. हे तिने मला सांगितलं ते आठवडा उलटल्यावर. आधी का सांगितलं नाही म्हणून मी ओरडलो, आणि आता कशाला सांगितलं म्हणूनही मनातल्या मनात ओरडलो.

बाजारात मात्र माझी भाषा बदलत गेली. "मॅडम कुठपर्यंत गेल्या?" असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "सोनकुल तलावावर आहे, आता नारीनला उतरते." असं म्हणायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, किरगिझस्तानातलं नारीन हे आमच्या शेजारच्या रामाकोन्याच्या पलीकडचंच गाव आहे. हेमराज मला म्हणायचा, "तू तं असा सांगून राहिला जसा तूच पायडल मारून राहिला."

सोनकुलवरून उतरतानाच ती पडली. मेंढरांचे कुत्रे अंगावर आले, तिने ब्रेक दाबला, खडीवर चाक सरकलं. तिचं कोपर सोललं, आणि हँगरने त्याला नेमून दिलेलं काम केलं. तो मोडला. दूध नेणाऱ्या एका गाडीवाल्याने तिला सायकलसकट नारीनला आणून सोडलं. तिथल्या राजधानीतल्या सायकलच्या दुकानाला तिने फोटो पाठवले, त्यांच्याकडचा एकही बसत नव्हता. साखळी तोडून आखूड केली तर सायकल एका गिअरवर चालते. पण ती सपाटीला. पुढे कझारमानचे घाट होते आणि त्याच्यापुढे पामीर. कुरिअरला किती दिवस लागतील ते कोणी छातीठोक सांगेना. इकडे व्हिसाची मुदत संपत आली होती, तिकडे घाटात बर्फ पडायचे दिवस जवळ येत होते.

हे सगळं तिने नीट सांगितलं आणि मग म्हणाली, "मी परत येते."

एप्रिलपासून मी याच वाक्याची वाट पाहत होतो. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रडून राहिली का?"

"नाही. थकली."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. टरबुजाचं आणि मोज्यांचं सांगणारा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ही बाई आता घरी येईल, शाळेत जाईल, स्वयंपाक करील, आणि याच आवाजात माझ्याशी उरलेली वर्षं बोलेल. त्या विचाराने मला ट्रकपेक्षा जास्त भीती वाटली.

"तिथंच थांब," मी म्हटलं. "मी हँगर घेऊन येतो."

"तुम्ही?" ती म्हणाली.

माझा पासपोर्ट होता. व्यापाऱ्यांची एक सहल बांगलादेशला जाणार होती तेव्हा काढलेला. सहल गेली नाही, पासपोर्ट कोरा राहिला. मानसीने व्हिसा आणि तिकिटाचं पाहिलं. हेमराज वैतागला. "बागा पाहाचे दिवस आहेत हे. बाकीचे व्यापारी दारोदार फिरून राहिले अन् तू घोड्यांच्या देशात चालला." मी म्हटलं, "तू पाहा बागा." तो म्हणाला, "मले तू कधी पाहू दिल्या?" तेही खरं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडायचं ताट बाजूला सारून उठली. खुंटीवरची थैली काढली, वाळलेलं फूल काढून टाकलं, आत बोट घालून शेंदराची पुडी चाचपली.

"त्या दिवशी समोरून जा म्हटलं होतं तुले," ती म्हणाली. "ते राहूनच गेलं. आता जा."

निघालो तेव्हा ती ओट्यावर दिसली नाही. रागावली असेल असं वाटलं. गल्लीच्या टोकाला पिठाच्या चक्कीजवळ पोचलो तर ती तिथे उभी. गुडघे धरत धरत आधीच चालत आली होती, मला समोरून गाठायला.

"थैली?"

मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"हं. जा," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

विमानात माझ्या मनात काय आलं तेही सांगतो. हँगर बसला नाही, चुकीचा आला असेल, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता. दोघं एका विमानाने परत आलो असतो. हा विचार मी राजधानीपर्यंत बरोबर नेला आणि तिथून नारीनला जाणाऱ्या भाड्याच्या गाडीतही तो माझ्याशेजारी बसून होता. बाकी प्रवास बरा झाला. मला त्यांचं काही कळत नव्हतं, त्यांना माझं. मी "नारीन" म्हणायचो, ड्रायव्हर "नारीन" म्हणायचा, दोघांचं समाधान व्हायचं. मागच्या सीटवरच्या म्हातारीने मला रोटी आणि जर्दाळू दिले. जर्दाळू गोड होते, पण लहान-मोठे सगळे एकत्र. प्रतवारी केली तर भाव चांगला मिळेल, हे मला तिला सांगायचं होतं.

गाव जवळ आलं आणि समोरून एक सायकल येताना दिसली. सावकाश, एका गिअरवर. मी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

ती जवळ येऊन उतरली. काळवंडली होती, वाळली होती, कोपराला पट्टी. "घरी बसवलं नाही म्हणून सामोरी आली," असं म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही खरंच आले," आणि सायकल तशीच धरून रडायला लागली. मलाही रडू आलं. वारा होता, त्याच्यावर ढकललं.

ती राहत होती त्या घराच्या पायरीवर बसून तिने थैली उघडली. हँगर शेंदराने माखला होता, आईच्या पुडीचं तोंड सुटलं होतं. मी रुमाल पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तसाच बसवला. दोन स्क्रू, मग गिअर, मग साखळी. चाक उचलून पायडल फिरवलं, साखळी एका चकतीवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली. हँगर बसला नाही म्हणायची संधी गेली ती तिथेच.

संध्याकाळी चहा घेताना मी म्हटलं, "माझं परवाचं तिकीट आहे. तुझंही निघते अजून."

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही हँगर द्याले आले का मले न्याले आले?"

"निघालो तेव्हा मलेच माहीत नव्हतं."

"अन् आता?"

समोर डोंगर होते. एकामागे एक, शेवटच्यावर बर्फ. उद्या ही त्याच्यात जाणार, एकटी, आणि तिथे कुत्रे असतील, खडी असेल, मागे लागणारी गाडी असेल. मोजे वाळवणारी बाईसुद्धा असेल. यातलं काय आधी भेटेल ते कोणाच्या हातात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच.

"मले भीती वाटते, हिमानी," मी म्हटलं. "एप्रिलपासून वाटून राहिली."

"मलेही वाटते," ती म्हणाली. "रोज सकाळी वाटते. सायकलवर बसली की कमी होते." मग म्हणाली, "बातम्या वाचाच्या तेव्हाच सांगतलं असतं तं?"

"तं काय केलं असतं?"

"आलीच असती. पण तुमच्याशी बोलून आली असती."

सकाळी घरवाल्या बाईकडून मी वाटीभर दही घेतलं. साखर मागायला बरेच हातवारे करावे लागले. पायरीवर उभं राहून हिमानीच्या हातावर दही-साखर ठेवली, तिने खाल्ली. मग माझ्याकडे पाहून "येते" म्हणाली आणि निघाली.

पाच-सहा घरं ओलांडून गेली असेल. मी वाटी ठेवायला वाकलो तर पायरीवर ती थैली. रिकामी, आत फक्त शेंदूर. तिचं आता काही काम नव्हतं. मी ती खिशात घालून घरी नेली असती तरी चाललं असतं. मागून टोकू नको म्हणणारं तिथे कोणी नव्हतं, आणि समोरून जायला बोळही नव्हता. एकच रस्ता होता आणि तो तिचा होता.

"हिमानी," मी हाक मारली. "थांब."

तिने ब्रेक दाबला. पाय टेकवून मागे वळून पाहिलं. मी थैली घेऊन चालत तिच्याजवळ गेलो.

"टोकलं तुम्ही," ती म्हणाली. "आता काम बिघडते माझं."

"बिघडलं तं घरी येशील. माझं काय जाते?"

"अन् नाही बिघडलं तं?"

मी थैली तिच्या हँडलला बांधत होतो. नाडी दोनदा सुटली. "मंग समरकंद करूनच येजो," मी म्हटलं. "मधातून नको येऊ."

तिने माझ्या हातावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि पायडलवर पाय दिला. मी तिथेच उभा राहिलो. समोरच गावाबाहेरचा पूल आहे आणि पुलानंतर चढ लागतो. चढावर ती क्षणभर मंदावली, मग तिने गिअर बदलला. खट् असा आवाज झाला. सकाळची वेळ, रस्त्यावर दुसरं कोणी नाही, मला तो स्पष्ट ऐकू आला. हँगर नीट बसला होता.